भाकर देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात: ओंगोल, १८७७-७८

१८७७ सालच्या मार्चपासून पुढचे पंधरा महिने मद्रास इलाख्यातील ओंगोल येथील अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनने एकाही माणसाला बाप्तिस्मा दिला नाही. मागणारे भरपूर होते. दुष्काळाने गावेच्या गावे उठली होती, मिशनरी जॉन एव्हरेट क्लफ त्यांच्यातील हजारोंना काम आणि मजुरी देत होते, आणि त्या लोकांपैकी पुष्कळ जण उघडपणे म्हणत होते की आम्हांला येशूचे व्हायचे आहे. ज्या माणसाने एकेका जिवासाठी उन्हातान्हात गावे पालथी घातली होती, त्यानेच पीक कापणीला आलेले असताना विळा बाजूला ठेवला.

पाळकपणाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना मी हे प्रकरण काही वर्षे शिकवीत आलो आहे. ते येथे सविस्तर लिहून काढण्याचे कारण असे की, खरा विश्वासणारा कोण आणि लाभासाठी आलेला कोण, हा प्रश्न आपण मराठी मंडळ्यांमध्ये फार घाईने निकालात काढतो. कोणी तो बाहेरच्यांचा आरोप म्हणून झटकून टाकतो, तर कोणी मंडळीतल्याच एखाद्या गरीब कुटुंबाकडे बोट दाखवून मोकळा होतो. नगर, सोलापूर, जालना या भागांतील पुष्कळ ख्रिस्ती घरांनी 'पोटासाठी बाटले' हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. माझ्या आजीला ते पाणवठ्यावर ऐकावे लागत, आणि ती काही न बोलता घागर भरून घरी येई. त्या शब्दांना उत्तर द्यायचे असेल तर आधी प्रश्न नीट मांडला पाहिजे, आणि तो ओंगोलमध्ये जितका स्पष्टपणे समोर आला तितका क्वचितच कुठे आला असेल.

प्रश्न मुळात फार जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांनी भाकरी खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी तोच जमाव होड्यांत बसून येशूला शोधत कफर्णहूमास पोहोचला. तेव्हा येशूने त्यांना तोंडावर सांगितले की, तुम्ही चिन्हे पाहिली म्हणून नव्हे, तर भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करीत आहात. हे वचन आपण नेहमी त्या जमावाला दोष देण्यासाठी वापरतो. आदल्या दिवशी त्याच जमावाला पोटभर जेवू घालणाराही येशूच होता, हे मात्र त्याच वेळी आपल्याला आठवत नाही. क्लफ यांच्यापुढे या दोन्ही गोष्टी एकदमच उभ्या राहिल्या.

दुष्काळापूर्वीचे ओंगोल

तेलुगू प्रदेशातील हे मिशन १८३६ साली सॅम्युएल डे यांनी सुरू केले आणि १८४० पासून त्याचे ठाणे नेल्लोरला होते. पहिल्या तीस वर्षांत त्याला इतके थोडे फळ आले की अमेरिकेतील त्यांच्या संस्थेने ते बंद करण्याचा विचार एकाहून अधिक वेळा केला. १ जानेवारी १८५४ रोजी पहाटे लायमन ज्युएट, त्यांच्या पत्नी आणि तीन तेलुगू ख्रिस्ती अशा पाच जणांनी ओंगोलच्या टेकडीवर चढून या भागासाठी प्रार्थना केली. क्लफ १८६५ मध्ये भारतात आले, १८६६ मध्ये ओंगोलला राहायला गेले, आणि १ जानेवारी १८६७ रोजी तेथे आठ सभासदांची मंडळी स्थापन झाली.

या मंडळीचा पाया कोणी घातला हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. येर्रगुंट्ला पेरय्या हा मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा माणूस कातड्यांच्या व्यापारानिमित्त गावोगाव हिंडत असे. ख्रिस्ती होण्यापूर्वीच तो एका योगमार्गी गुरूच्या शिकवणीने देवाच्या शोधाला लागलेला होता. १८६६ साली त्याने आणि त्याच्या पत्नीने बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे ज्या वाटांनी तो कातडी गोळा करीत हिंडत असे त्याच वाटांनी सुवार्ता सांगत हिंडू लागला. मिशनकडे तेव्हा देण्यासारखे काहीच नव्हते, त्यामुळे पेरय्याला कसला लाभ झाला असे त्याचा शत्रूही म्हणू शकला नसता.

त्याच सुमारास ओंगोलच्या ब्राह्मणांनी आपल्या मुलांसाठी मिशनच्या शाळेत रस घेतला होता. मादिगांना मंडळीत घेतले तर आम्ही येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. क्लफ आणि त्यांची पत्नी हॅरिएट या दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून शास्त्र उघडले, आणि दोघांच्याही समोर करिंथकरांस पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचा तोच भाग आला की, देवाने जगातील हीनदीन आणि तुच्छ मानलेले निवडले आहे. मादिगांना दार उघडले गेले आणि ब्राह्मण मुले शाळा सोडून गेली. म्हणजे प्रतिष्ठा, सरकारदरबारी वजन, शिकलेले सभासद असा जो लाभ मिशनलाच मिळू शकला असता, तो मिशनने आधी सोडला. लाभाचा प्रश्न येणाऱ्यांना विचारला जातो तसा घेणाऱ्यांनाही विचारावा लागतो, आणि त्या कसोटीला ओंगोलचे मिशन सुरुवातीलाच उतरले होते.

आता येणाऱ्यांनी काय सोडले ते पाहू. क्लफ यांनी मादिगांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या: रविवारी काम करायचे नाही, मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, आणि मूर्तीची पूजा करायची नाही. आज हे नियम वाचताना ते साधे, अगदी बाळबोध वाटतात. पण ज्याला आपल्याकडची बलुतेदारी माहीत आहे त्याला त्यांची किंमत लगेच कळेल. मादिगा हा गावाचा बांधलेला माणूस होता. तो मोटेचे चामडे आणि वहाणा पुरवी, मेलेली गुरे ओढी, देवीच्या जत्रेत हलगीसारखे डप्पू वाजवी, पेरणी-कापणीला राबे, आणि त्या बदल्यात खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळे. रविवारी कापणीला येणार नाही, असे त्याने म्हटले की शेतकरी खवळे, कारण उभे पीक वार पाहून थांबत नाही. जत्रेत डप्पू वाजवणार नाही म्हटले की सगळ्या गावाला वाटे, आता देवीचा कोप होणार. मेलेल्या जनावराचे मांस खाणार नाही म्हटले की घरातल्या जेवणाचाच एक भाग जाई. यावर गावाचे उत्तर ठरलेले असे: काम बंद, धान्याचा वाटा बंद, वाट बंद, प्रसंगी मारहाण आणि खोटे खटले. दुष्काळ येण्यापूर्वीची दहा वर्षे ओंगोलच्या मादिगांसाठी येशूच्या मागे जाणे म्हणजे पोटावर पाय येणे असाच अर्थ होता, आणि तरीही मंडळी आठांवरून हजारांवर गेली होती. ही गोष्ट ध्यानात न घेता १८७८ च्या आकड्यांकडे पाहणारा माणूस हमखास चुकतो.

कालवा

१८७६ चा पाऊस गेला. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि आपल्याकडे नगर, सोलापूर, पुणे, सातारा हे जिल्हे एकाच दुष्काळात सापडले. जानेवारी १८७७ मध्ये सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना मद्रासला पाठवले आणि त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी कळवळून विरोध केला की एवढ्या अन्नावर माती खणणारा माणूस जगू शकत नाही.

समुद्रकिनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून निघाले होते. क्लफ यांनी तरुणपणी अमेरिकेत मिनेसोटाच्या बाजूला सरकारी जमीन मोजणीचे काम केले होते, त्यामुळे साखळी, पातळी, मातीची घनफळे ही त्यांच्या हातची विद्या होती. त्यांनी कालव्याच्या साडेतीन मैलांचा ठेका स्वतः घेतला. मिशनरी ठेकेदार झाला म्हणून पुढे त्यांच्यावर टीकाही झाली, पण त्यांच्या या निर्णयात मला फार खोल शहाणपण दिसते. धान्य वाटणाऱ्याच्या दारात माणूस हात पसरून येतो, तर खणलेल्या मातीची मजुरी घेणारा आपले घेऊन जातो. त्याने कोणाचे आभार मानायचे नसतात, आणि ज्याच्यावर उपकाराचे ओझे नाही त्यालाच देवाविषयी मोकळेपणाने 'हो' किंवा 'नाही' म्हणता येते.

मादिगांनी याच कामावर यायला गर्दी केली, कारण इतर छावण्यांत वरच्या जातींच्या मुकादमांकडून अस्पृश्यांना कशी वागणूक मिळते याच्या बातम्या त्यांच्या कानांवर येत होत्या. येथे मुकादम म्हणून क्लफ यांनी आपले तेलुगू उपदेशक नेमले होते. दिवसा तेच उपदेशक हजेरी घेत, खड्डे मोजत, आजाऱ्याला बाजूला बसवत. विसाव्याच्या वेळी आणि काम सुटल्यावर मजूर त्यांच्याभोवती बसत आणि काहीतरी सांगा म्हणत. छावणीत सर्वांत जास्त वेळा सांगितले गेलेले वचन मत्तयाच्या अकराव्या अध्यायातले होते, जे मराठी ख्रिस्ती घरातल्या मुलालाही पाठ असते: अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन. मातीच्या पाट्या वाहून ज्याच्या मानेचे कातडे सोलले आहे अशा माणसाने हे वचन ऐकले तेव्हा त्याला 'भार' हा शब्द रूपक वाटला नसणार. वर्गात हा भाग सांगताना मी येथे नेहमी थोडा थांबतो, कारण आपल्या प्रकरणाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे. शरीराचा भार आणि जिवाचा भार त्या माणसाने वेगळा काढावा अशी अपेक्षा आपण बाहेर बसून करतो. हे वचन उच्चारणाऱ्या प्रभूने ती केली नव्हती.

नकार

छावणीत पटकी (कॉलरा) आली, माणसे मेली, आणि जे जगले त्यांच्यातून बाप्तिस्म्याची मागणी वाढतच गेली. क्लफ यांनी उपदेशकांना सांगून ठेवले की शिकवा, प्रार्थना करा, पण दुष्काळ संपेपर्यंत बाप्तिस्मा कोणालाही द्यायचा नाही. कारण उघड होते. पैसा त्यांच्या हातून जात होता, काम त्यांच्या शब्दावर मिळत होते, पुढे मदतनिधीच्या वाटपाचा भारही त्यांच्यावर आला, आणि अशा वेळी त्याच हाताने बाप्तिस्मा दिला असता तर घेणाऱ्याला स्वतःलाही कळले नसते की आपण नेमके काय घेतले.

या नकारामागे बॅप्टिस्ट मताचा एक धागा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय निर्णयाचे वजन कळत नाही. बाप्तिस्म्याने तारण मिळते असे बॅप्टिस्ट मानत नाहीत. आधी विश्वास, मग त्या विश्वासाची चारचौघांत दिलेली साक्ष म्हणजे बाप्तिस्मा, असे ते मानतात. म्हणून लहान बाळांना ते बाप्तिस्मा देत नाहीत, आणि म्हणूनच क्लफ मरणाच्या छायेतल्या माणसालाही 'थांब' म्हणू शकले. त्यांच्या दृष्टीने तो माणूस विश्वास ठेवून मेला तर प्रभूचाच होता. रोमन कॅथलिक धर्मगुरूला असे थांबणे फार जड गेले असते, कारण त्याच्या श्रद्धेनुसार मरणाऱ्याला बाप्तिस्मा नाकारणे ही अतिशय गंभीर गोष्ट आहे. सारांश, आज एखाद्या मंडळीने 'क्लफ यांच्यासारखे करू' असे ठरवले तर त्या मंडळीने आधी आपले बाप्तिस्म्याविषयीचे मत तपासावे.

एका वर्षी या ठिकाणी एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, माणूस उपाशी असताना प्रार्थना करतो, ती खोटी असते का?" वर्ग शांत झाला. ती बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या घरातली होती. मी तिला तेव्हा जे सांगितले तेच येथे लिहितो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' अशी मागणी आहे, आणि ती पापांच्या क्षमेच्या मागणीच्या आधी येते. भाकर मागणारी प्रार्थना खोटी नसते. ज्या दिवशी भाकर येत नाही त्या दिवशीही ती प्रार्थना 'हे आमच्या पित्या' अशीच सुरू होते का, एवढेच पाहायचे असते, आणि ते त्याच दिवशी दिसते, आधी नाही. क्लफ यांनी तो दिवस येईपर्यंत वाट पाहिली.

वेल्लमपल्ली, जुलै १८७८

१८७८ च्या जूनमध्ये क्लफ यांनी उपदेशकांना ओंगोलच्या उत्तरेस सुमारे दहा मैलांवर, गुंडलकम्मा नदीच्या काठी असलेल्या वेल्लमपल्ली येथे बोलावले. हेतू एवढाच होता की ख्रिस्ती लोकांना भेटून, मदत आता संपली आहे आणि ज्याने त्याने आपल्या गावी जाऊन आपल्या कष्टावर उभे राहावे, हे सांगायचे. नव्या लोकांना आणू नका, असेही कळवले होते. तरीही हजारो लोक आले. क्लफ यांनी त्यांना सांगितले की आता माझ्याकडे पैसा नाही, काम नाही, परत जा.

लोकांनी दिलेले उत्तर क्लफ यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. आम्हांला मदत नको, असे ते म्हणाले. आम्ही काम केले आहे आणि पुढेही करू, त्याची खूण म्हणून आमच्या हातांवरचे फोड पाहा. पुढचे पीक बुडाले तर आम्ही मरू, पण मरायचेच असेल तर ख्रिस्ती म्हणून मरू, म्हणून आम्हांला बाप्तिस्मा द्या. सवर्णांच्या गावात ज्या हातांना शिवणे विटाळ मानले जाई, ते हात त्यांनी पुरावा म्हणून पुढे केले. मिशनरीने नकाराचे सगळे आधार आधीच मांडून संपवले होते, आणि आता त्याच्याकडे त्यांना देण्यासारखे खरोखरच काही उरले नव्हते.

क्लफ यांनी उपदेशकांशी विचारविनिमय केला. प्रत्येक उपदेशकाने आपापल्या भागातील लोकांची छाननी करावी, ज्यांना तो ओळखतो आणि ज्यांच्याविषयी हमी देऊ शकतो त्यांचीच नावे द्यावीत असे ठरले, आणि बाकीच्यांना थांबायला सांगितले गेले. २ जुलैला ६१४ जणांचा बाप्तिस्मा झाला, ३ जुलैला २,२२२ जणांचा आणि ४ जुलैला ७०० जणांचा. ३ जुलैला सकाळी लवकर सुरुवात झाली. सहा अभिषिक्त तेलुगू पाळकांपैकी दोघे दोघे आळीपाळीने नदीत उभे राहत, लेखनिक एकेक नाव वाचत आणि तो माणूस पाण्यात उतरे. भर दुपारी काम थांबले आणि पुन्हा सायंकाळपर्यंत चालले. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे येरुशलेमात पहिल्या मंडळीचा आरंभ झाला त्या दिवशी, तीन हजारांना बुडवून बाप्तिस्मा देणे शक्य होते का, या जुन्या वादात जगभरचे बॅप्टिस्ट पुढे या दिवसाचा दाखला देऊ लागले. मला त्या वादापेक्षा लेखनिक एकेक नाव मोठ्याने वाचत होता ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, कारण गावात त्याच माणसाला 'अरे' म्हणून हाक मारली जात असे. त्या वर्षाअखेरपर्यंत ओंगोलमध्ये ९,६०६ जणांचा बाप्तिस्मा झाला.

मूल्यमापन

आकडा मोठा आहे म्हणून निर्णय बरोबर होता असे मी म्हणणार नाही, आणि आकडा मोठा आहे म्हणूनच तो संशयास्पद आहे असेही म्हणणार नाही. क्लफ यांचे जे मला पूर्णपणे बरोबर वाटते ते असे की त्यांनी लोकांच्या मनात डोकावण्याचा आव आणला नाही. आपल्या हातातली सत्ता त्यांनी ओळखली, आणि ती जोपर्यंत हातात आहे तोपर्यंत लोकांच्या 'हो'ला 'हो' मानले नाही. लाभासाठी येणाऱ्याला ओळखण्याच्या शेकडो युक्त्या आपण शोधतो. लाभ आपल्या हातात असताना दार बंद ठेवणे आणि तो संपल्यावर उघडणे ही साधी गोष्ट मात्र फारच थोड्यांना सुचते, आणि सुचली तरी ती करायला मोठी हिंमत लागते, कारण आलेले लोक परत गेले तर अहवालात लिहायला काही उरत नाही.

तरी या व्यवस्थेत एक गाठ सुटली नाही. छावणीत हजेरी घेणारा मुकादम आणि संध्याकाळी वचन सांगणारा उपदेशक हा एकच माणूस होता. क्लफ यांनी काळ वेगळा केला, पण माणसे वेगळी केली नाहीत. पुढे नदीकाठी हमी देणारेही तेच उपदेशक होते. अन्य कोणी उपलब्ध नव्हते हे खरे आहे, आणि त्या उपदेशकांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही, पण मजुराच्या डोळ्यांतून पाहिले तर ज्याने आपले पोट भरले त्याच्याच तोंडून आपण देवाचे ऐकले हे तो विसरू शकत नव्हता. दुसरी उणीव याहून मोठी आहे. काही आठवड्यांत हजारो माणसे मंडळीत आली, आणि शेकडो वाड्या-पाड्यांवर विखुरलेल्या त्या माणसांना पुढे शिकवायला पुरेसे शिक्षक नव्हते. काही जण जुन्या वाटेने परत गेले. बाप्तिस्म्याच्या आधी जितकी काळजी घेतली तितकीच नंतर घेतली जाणे त्या संख्येपुढे शक्य झाले नाही.

यापुढचा दाखला १९३३ सालच्या एका मोठ्या पाहणीचा आहे. जे. वास्कम पिकेट यांनी भारतातील अशा सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास करताना ३,९४७ जणांना, तुम्ही ख्रिस्ती का झालात, असे विचारले. ३४.८ टक्के उत्तरे आत्मिक कारणांची होती, ८.१ टक्के ऐहिक लाभाची, २२.४ टक्के सामाजिक कारणांची, आणि बाकीचे ख्रिस्ती घरातच वाढलेले होते. माझ्या विद्यार्थ्यांना येथे ८.१ हा आकडा पाहून हायसे वाटते. मी त्यांना पुढे वाचायला सांगतो, कारण पिकेट यांच्या मते पुढच्या ख्रिस्ती जीवनाचा कस आरंभीच्या हेतूपेक्षा बाप्तिस्म्यानंतर मिळालेल्या शिक्षणावर आणि संगोपनावर अधिक ठरत होता. कमी दर्जाच्या हेतूने आलेले पुष्कळ जण नीट शिकवले गेल्यावर दृढ विश्वासणारे झाले, आणि उत्तम हेतूने आलेले दुर्लक्षामुळे गळून गेले. हेतू शुद्ध आहे का, हे दारात विचारून आत आल्यावर माणसाला विसरणारी मंडळी आपला दोष त्याच्या माथी मारते.

या सगळ्या चर्चेत एक अन्याय आपण सहज गिळून टाकतो. १८९५ साली मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून आजतागायत त्यांनी काय सोडले ते आपण मोजतो: घर, नातेवाईक, कित्येक वर्षांचा पत्नीचा सहवास. ते मोजणे योग्यच आहे. पण ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याने काय सोडले ते मोजायचे, आणि महार, मांग, मादिगा झाला की त्याने काय मिळवले ते मोजायचे, ही तराजूची दांडी कोणी वाकवली? ओंगोलच्या मादिगाने धान्याचा वाटा सोडला होता, पिढ्यान्‌पिढ्यांचे गावाशी असलेले नाते सोडले होते. आणि त्याने जे मिळवले, म्हणजे नावाने हाक, बायकापोरांसह एका पंक्तीत प्रभुभोजन, मेलेले ढोर न ओढण्याचा हक्क, त्याला ऐहिक लाभ म्हणून खालच्या खणात टाकायला मी तयार नाही. शुभवर्तमानात आंधळ्याला दृष्टी आणि कुष्ठरोग्याला स्पर्श मिळाला, तो लाभ होता की तारण होते, हे कोणी वेगळे करून दाखवलेले नाही.

मात्र एका बाबतीत आजचा काळ क्लफ यांच्या काळाहून वाईट आहे असे मला मनापासून वाटते. त्यांच्यापुढे उपाशी माणूस लाभ शोधत आला होता आणि सेवकाने हात आखडता घेतला होता. आज काही सभांमध्ये सेवकच व्यासपीठावरून सांगतो की येशूला स्वीकारा, दशांश द्या, मग धंद्यात बरकत येईल, व्हिसा मिळेल, कर्ज फिटेल. ज्या जमावाला येशूने कफर्णहूमात खडे बोल सुनावले, तोच जमाव येथे जाहिरात करून गोळा केला जातो. तेथे आलेल्या कर्जबाजारी माणसाच्या हेतूची चौकशी करायला मी जाणार नाही. सांगणाऱ्याच्या हेतूची करीन. योहानाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी पुष्कळ शिष्य परत फिरले, येशूने त्यांना थांबवण्यासाठी आणखी एकदा भाकरी वाटल्या नाहीत, आणि आपल्या बारा शिष्यांना त्याने विचारले की तुमचीही जायची इच्छा आहे काय. असा प्रश्न विचारण्याची तयारी ज्या सेवकात नाही त्याने बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरू नये.

क्लफ यांनी तो प्रश्न पंधरा महिने विचारला, आणि त्याची किंमतही झाली. मार्च १८७७ पासून मंडळीच्या वहीत एकही नवे नाव चढले नाही. त्या महिन्यांत कालव्यावर माणसे भुकेने खचून आली, पटकीने गेली, आणि त्याच भरावाच्या आसपास पुरली गेली. संध्याकाळी विसाव्याचे वचन ऐकणाऱ्यांत तीही बसलेली होती. पुढे नदीकाठी उभ्या राहिलेल्या २,२२२ जणांची नावे लेखनिकाने मोठ्याने वाचली. ह्यांची वाचायला कोणी नव्हते. वर्गात मी हा भाग शेवटी सांगतो आणि विद्यार्थ्यांना विचारतो की तुम्ही क्लफ यांच्या जागी असता तर काय केले असते. बीडच्या त्या मुलीने तास संपेपर्यंत उत्तर दिले नाही, आणि मीही तिला पुन्हा विचारले नाही.